दीड हात

किल्ली जड आहे, दोन्ही हातांनी धरा.
डावीकडे फिरवायची, मग किंचित मागे,
मग दाराला गुडघ्याने एक ढुशी.
नव्या पाद्र्यालाही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं.
मी सेल्मा नीएमेला. एकतीस वर्षं झाडते आहे इथे.

थांबा, आधी याला बघा.
भिंतीला टेकून उभा लाकडी भिकारी,
डोक्यावर चार फळ्यांचं छप्पर,
छातीत नाणं जाईल एवढी फट.
आम्ही लूथरवाले, मूर्ती फारशा ठेवत नाही.
हा एक तेवढा, तोही बाहेर.
दुष्काळात, त्या साली, लोकांनी
झाडांची साल दळून भाकरी केल्या.
वर्षाअखेरी याची छाती उघडली तेव्हा निघालं ते
वहीत लिहिलेलं आहे:
दोन बटणं, चमच्याचा दांडा,
आणि एक तांब्याचं नाणं, दातांनी चावलेलं.

आता आत या. डोकं सांभाळा.
खिळे शोधू नका, भिंतींत नाहीत.
ओंडक्याच्या खाचेत ओंडका, मध्ये शेवाळ,
कोपऱ्याकोपऱ्याला बोटांत बोटं गुंतवल्यासारखे.
याको हानुक्सेलाने बांधलं. त्याला वाचता यायचं,
(न वाचता लग्न कोण लावून देतं?)
लिहिता मात्र नाही. सहीच्या जागी कुऱ्हाडीच्या तीन रेघा,
एक तिरपी. ही बघा, खांबामागे.

राजाकडे परवानगी मागितली होती, समुद्रापलीकडे.
एक हिवाळा गेला. दुसरा गेला.
कापलेलं लाकूड बर्फाखाली निळं पडायला लागलं.
याको म्हणाला, नकाशा राजाला लागतो,
लाकडाला नाही.
आणि पायाचे दगड लोटले.

नकाशा आला, वरातीमागून घोडं यावं तसा,
घंटा वाजायला लागून चार वर्षं झाल्यावर.
दगडी भिंती, घुमट, कमानीच्या खिडक्या,
खाली लाल लाखेची मोहोर.
कुणी फाडला नाही. चौकट करून टांगला तिथे, आतल्या खोलीत.
दर रविवारी पाद्री झगा चढवतो
कधीच न बांधलेल्या चर्चपुढे उभा राहून.

आता इथे उभे रहा, क्रुसाच्या मधोमध.
पूर्व, पश्चिम, दक्षिण: सारखे हात.
उत्तरेचा हात दीड हात आखूड.
कुणी म्हणतं, याको प्यालेला होता.
कुणी म्हणतं, जंगल संपलं. (जंगल! बाहेर बघा.)
विद्यापीठातून आलेला एकजण म्हणाला, मोजणीची चूक,
आणि तसं छापूनही टाकलं.

नाक लावा या भिंतीला. लाजू नका.

धूर ना?
निळे पडलेले ओंडके याकोने बाजूला काढले,
आणि चौथ्या हाताला लाकूड उरलं नाही.
तेव्हा विधवा वाल्पुरी आली, म्हणाली,
माझी सौना उतरवून न्या.
जिथे ती पाच वेळा बाळंत झाली,
जिथे नवऱ्याला शेवटची आंघोळ घातली,
त्या काजळल्या भिंती इथे उभ्या आहेत.
याकोने त्यांना जोड दिला नाही.
सौना जेवढी होती तेवढाच हात.

हे कुठल्या कागदावर आहे, विचाराल.
नाही. माझ्या आजीने सांगितलं,
याच बाकावर, फडकं पिळता पिळता.
पाऊस लागून राहिला की वास वाढतो.
एकदा विम्याचा माणूस दचकून म्हणाला, इथे आग लागली होती?
मी म्हटलं, लागायची. दर शनिवारी.

रविवारी नऊजण असतो आम्ही, ख्रिसमसला चाळीस.
गुडघे धरलेले सगळे उत्तरेला बसतात.
तिथे शेगडी नाही,
तरी म्हणतात, ऊब आहे.
मी काही बोलत नाही.

चला. त्याच्या छातीत काही टाकायचं असेल तर टाका.
सुट्टे नसतील तर राहू द्या, हल्ली कुणाकडेच नसतात.
बटण चालेल.
आणि दार ओढून घ्या. गुडघा विसरू नका.